एकतीस नोव्हेंबरचा मालक

इनास,

तुझ्या मयताला माणसं किती होती म्हणून विचारशील, तर ऐक. नंदाखालच्या सिमेटरीपासून जी रांग लागली ती आगाशीवरून वळून थेट अर्नाळ्याच्या बंदरावर येऊन टेकली, आणि शेवटच्या माणसाचे पाय पाण्यात होते. तू असतास तर नेहमीसारखा म्हणाला असतास, "नाखवा, निम्मं कर." बरं बाबा, निम्मं केलं. तरी रांग आगाशीच्या अलीकडे काही सरकत नाही.

आणि त्या रांगेत काय बोलणं चाललं होतं ते तर निम्मं करायचीही गरज नाही. "फार चांगला मानूस" हे प्रत्येकाने एकदा म्हटलं आणि लगेच माझ्या कानाशी लागून विचारलं, "नाखवा, फुडच्या वर्साचं कॅलेंडर निगल ना?" फादरनी मूठभर माती टाकली, हात झटकले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच तेच विचारलं. माणूस गेला की लोक त्याच्या वाडीचं विचारतात, पोराबाळांचं विचारतात. तुझ्यामागे लोकांनी पुढचं अख्खं वर्ष विचारलं! रडत होतो खरा, पण छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं वरचं बटण कुठे उडालं ते अजून सापडलेलं नाही.

आपलं कॅलेंडर म्हणजे काय होतं ते तुला सांगायला नको. तरी सांगतो, कारण ते सांगताना माझा आवाज आपोआप चढतो आणि सध्या त्याला चढायला दुसरं काही निमित्त नाही. नंदाखालपासून अर्नाळ्यापर्यंत ज्या घराच्या स्वयंपाकघरात आपलं कॅलेंडर नव्हतं, त्या घरात चूल पेटत नव्हती. प्रत्येक चौकटीत मधोमध ठसठशीत तारीख. डाव्या कोपऱ्यात त्या दिवसाचा संत, उजव्या कोपऱ्यात तिथी. आणि खाली, छपाईच्या बारीक खिळ्यांत, भरतीची वेळ. तारीख आणि संत तुझे, तिथी आणि भरती माझी. एकाच चौकटीत तुझा देव, माझा देव आणि खाली दोघांचंही न ऐकणारा समुद्र. असं कॅलेंडर जगात दुसरं नाही. असेल तर दाखवावं कुणीतरी, मी इथेच बसलोय.

गणपती गेले की मी तुझ्या छापखान्यात यायचो. तू खिळे जुळवायचास आणि मी स्टुलावर बसून भरती सांगायचो. त्याला पुस्तक लागत नाही, घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हातात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आमच्याकडे पोरगं हे चालायच्या आधी शिकतं. माझ्या आजोबांच्या होडीवर एक कोंबडा होता, तो आरवायच्या आधी आजोबांकडे बघायचा आणि त्यांनी मान हलवली तरच आरवायचा. ही गोष्ट मी तुला दरवर्षी सांगायचो. पहिल्या वर्षी कोंबडा एक होता, शेवटी शेवटी तीन झाले होते. तू खिळ्यावरून नजर न उचलता म्हणायचास, "नाखवा, कोंबडे वाढले, होडी मात्र तेवढीच?"

भांडलो किती आपण त्या स्टुलावर! तुझं आवडतं गाऱ्हाणं म्हणजे ते दहा दिवस. कुणी नवीन माणूस लग्नपत्रिका छापायला आला की तू ते काढायचासच. जुन्या काळी वर्ष दरसाल काही मिनिटं जास्त धरलं जायचं, शेकडो वर्षांत त्या मिनिटांचे दहा दिवस साचले आणि ईस्टर ऋतू सोडून घसरायला लागला. मग रोमच्या पोपसाहेबांनी हुकूम काढला आणि मधले दहा दिवस सरळ कापून टाकले. तिकडे चार ऑक्टोबरला झोपलेली माणसं पंधरा ऑक्टोबरला उठली. वसईत तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. हुकूम गलबतात बसून आफ्रिकेला वळसा घालून किल्ल्यावर पोचला आणि इथलेही दहा दिवस गेले.

"नेमके त्याच दहा दिवसांत माझ्या खापरपणजोबाचं लग्न होतं," असं तू छातीवर हात ठेवून सांगायचास. "मंडप घातलेला. उकडे तांदूळ निवडलेले. आणि तारीखच गायब!"

"मग तू कसा जन्मलास?" मी विचारायचो.

"तेच तर म्हणतो. आमचं घराणं हा चमत्कार आहे."

मला थापाड्या म्हणणारी माणसं पुष्कळ भेटली, इनास, पण माझ्यावर मात करणारा तू एकटा. मी थाप मारली की लोक हसतात. तू मारलीस की लोक टोपी काढायचे.

मग मी उसळायचो. म्हणायचो, बघ, तुमचा हिशेब चुकला की तुम्ही दिवस कापता. आमच्या पंचांगाचा मेळ बसेना झाला की आम्ही अख्खा महिना वाढवतो! अधिक महिना! वर जावयाला बोलावून अनारसे खाऊ घालतो. मोठं मन कुणाचं? यावर तू शांतपणे एक खिळा उचलायचास, फुंकर मारायचास आणि म्हणायचास, "आणि तुमच्या तिथीचा क्षय होतो तेव्हा? आज पंचमी झोपली, उद्या थेट सप्तमी उठली. षष्ठी कुणी खाल्ली, नाखवा? जावयाने?"

 मग मी ईस्टरवर घसरायचो. तुमचा सगळ्यात मोठा सण कधी? वसंतातली पुनव उलटली की येणाऱ्या रविवारी. म्हणजे आधी चंद्र बघायचा, मग रविवार. म्हणजे तुमचा ईस्टर आमच्या होळीच्या नाहीतर चैत्राच्या पुनवेच्या ओटीवर येऊन वाट बघत बसतो! चंद्र आमचा, बोल! तू म्हणायचास, चंद्र तुमचा असेल, रविवार आमचा आहे, आणि तुमच्या पोरांना सुट्टी त्याच दिवशी मिळते. हे भांडण तीस-चाळीस वर्षं चाललं. चंद्र कुणाचा ते ठरलं नाही. आता तू त्याच्या जास्त जवळ आहेस म्हणून जिंकलास असं समजू नकोस.

सोपाऱ्याला सम्राटाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, त्याचीही तुला फार मजा वाटायची. त्या राजाच्या लेखांतून साल मोजलंय ते त्याच्या स्वतःच्या राज्याभिषेकापासून. तू म्हणालास, "राजा असला की कॅलेंडर स्वतःपासून सुरू करता येतं. आपल्याला दुसऱ्याने नेमून दिलेल्या दिवसांत राहावं लागतं, नाखवा." तेव्हा ते मी हसण्यावारी नेलं. पण मला वाटतं तुझ्या डोक्यात खिळा तेव्हाच बसला असावा. कारण पुढच्याच साली ती गोष्ट घडली, जिच्यावर आपल्या गावाने पुढे जन्मभर मिशीला पीळ दिला.

त्या वर्षीच्या कॅलेंडरात नोव्हेंबरला एकतीस तारीख होती.

होती म्हणजे अगदी रीतसर. तिसाच्या शेजारी, तेवढ्याच मापाची चौकट. शनिवार. कोपऱ्यात तिथी आणि खाली भरतीची वेळ. मी तर तिथीमागून तिथी घडाघडा सांगत सुटलो होतो, चंद्राला कुठे ठाऊक नोव्हेंबर कुठे संपतो! नसलेल्या दिवसाचीसुद्धा भरती मी बिनचूक दिली होती, हे आजवर कुणी माझ्या नावावर धरलेलं नाही. पान उलटलं की डिसेंबरची पहिली, तोही शनिवार. दोन शनिवार दोन पानांवर बसले होते, म्हणून कुणाच्या नजरेला आले नाहीत. आणि आपल्या कॅलेंडरवर शंका घेणार कोण?

बावतीसने तर नाहीच घेतली. त्याच्या पोरीचं, फिलोमिनाचं, लग्न ठरत होतं. रविवारपासून आगमनकाळ लागत होता, म्हणजे नाताळ होईपर्यंत ना बँड ना मंडप. बावतीसने भिंतीकडे बघितलं, शेवटचा शनिवार धरला आणि तुझ्याचकडे पत्रिका छापल्या: शनिवार, एकतीस नोव्हेंबर. सगळी माणसं बरोबर त्या शनिवारी जमली, कारण चौकटी दोन असल्या तरी खरा शनिवार एकच होता. चर्चमध्ये मिस्सा झाली, वरात मंडपात आली. सगळं सुरळीत. आणि मग नवऱ्या मुलाच्या मामाने, विरारहून आलेल्या जाडजूड माणसाने, खिशातून पत्रिका काढली, चष्मा लावला आणि खुर्चीवर उभा राहून मोठ्याने वाचली.

"एकतीस नोव्हेंबर! अहो व्याही, तुमच्या गावाला महिने कोण पुरवतं? आमच्या भाच्याचं लग्न लागलं म्हणायचं, की लागायचंय अजून?"

मंडप हसला. वराकडची माणसं तर खुर्च्यांवरून सांडली. बावतीसच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला. फिलोमिना मान खाली घालून बसली, आणि इनास, ती मान लाजेने खाली गेलेली नव्हती, अपमानाने गेली होती. लग्नाच्या दिवशी पोरीच्या बापाचं गाव मंडपात हसण्यावारी जात होतं. आगाशी, निर्मळ, नंदाखाल, सगळी माणसं तुझ्याकडे बघायला लागली. मी तर मागच्या मागे केळीच्या वाडीत शिरण्याचा विचार केला, कारण त्या चौकटीत भरती माझी होती.

तू ताटावरून उठलास. हात धुतलेस. घाई नाही. कोटाची गुंडी लावलीस आणि मामासाहेबांसमोर उभा राहिलास.

"मामा, तुम्ही बरोबर वाचलंत," तू म्हणालास. "ही तारीख जगात कुठेच नाही. ती फक्त आमच्या गावाला आहे. पोपसाहेबांनी आमच्याकडून दहा दिवस नेले होते. गावात कुणी विचारायला गेलं नाही, मी गेलो. दहातला एक परत आणला. पहिलाच दिवस. तो कुणाला द्यावा म्हणून वर्षभर बघत होतो. आज आमच्या फिलोमिनाला आहेर केला. जगात कुठल्याच पोरीचं लग्न या तारखेला झालेलं नाही, आणि व्हायचंही नाही."

सांडलेली माणसं पुन्हा खुर्च्यांवर बसली. मामा खुर्चीवरून खाली उतरले. मग मामांनी चष्मा पुसला आणि पडेल आवाजात विचारलं, "आणि उरलेले नऊ?"

"तुमच्या घरात लग्नाच्या पोरी किती?"

त्यानंतर जो बँड वाजला तो मुंबईला ऐकू गेला. निम्मं कर म्हणशील, बोरिवलीपर्यंत नक्की गेला. बावतीसने तांब्या ठेवला आणि तुझ्या गळ्यात पडला. मामा जाताना दोन कॅलेंडरं गुंडाळून घेऊन गेला, आणि पुढे दर वर्षी त्याचा माणूस येत राहिला. फिलोमिनाची मान वर झाली ती आजतागायत खाली आलेली नाही. तिला आता नातवंडं आहेत आणि ती कुणालाही ठसक्यात सांगते, "आमच्या लग्नाला अजून एक वर्ष पण नाय झालं." खरंच आहे, एकतीस नोव्हेंबर पुन्हा आलाच कुठे!

पण गड्या, एक गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस. ती चूक होती की मुद्दाम?

मी किती वेळा विचारलं. छापखान्यात, ओहोटीच्या वाळूत चालताना, नाताळच्या केकचा तुकडा तोंडात असताना. चूक असेल, तर उभ्या मंडपात हात धुता धुता एवढी गोष्ट रचणारा तू माझा बाप. मुद्दाम असेल, तर वर्षभर पोटात ठेवणारा तू माझ्या बापाचा बाप. दोन्हीकडून मी लहानच. पण कुठल्या बाजूने लहान, एवढं तरी कळायला नको? आणि तू दर वेळी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघायचास आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचास, "नाखवा, भरती किती वाजता?"

बस. आणि मी वेडा ती सांगत बसायचो.

हॉस्पिटलात तू त्या पांढऱ्या चादरीत पापलेटासारखा चपटा झाला होतास. दुपार होती. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा बातम्या लावून घोरत होता. मी म्हटलं, "इनास, आता तरी बोल. चूक की मुद्दाम?" तू भिंत शोधलीस. तिथे औषधाच्या दुकानाचं छापील कॅलेंडर होतं, नुसते आकडे, ना संत ना तिथी. ते बघून तुला जो राग आला तो ताप मोजायच्या यंत्रावर दिसला असता. मग तुझे ओठ हलले. मी कान खाली नेला.

"भरती किती वाजता?"

मी सांगितली. आणि माझ्या तोंडातून उगीच निघून गेलं, की आमच्याकडे म्हणतात माणूस ओहोटीबरोबर जातो, त्यामुळे तुला अजून पुष्कळ वेळ आहे, स्वस्थ पड. आणि तू काय केलंस? भर भरतीला गेलास! वसईच्या खाडीत पाणी काठोकाठ, एक बोट खाली उतरलेलं नाही, आणि तू निघालास. मला जन्मभर खोटं पाडलंस ते पाडलंस, जातानासुद्धा सोडलं नाहीस. तुझ्या रेजीने फोन केला तेव्हा मी आधी आकाशाकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि मग रस्त्यात उभा राहून तुला एक अशी शिवी दिली जी फादरच्या मासिकात छापता येणार नाही. त्या शिवीत माझं सगळं आलं होतं, इनास. तुला कळलं असेल.

आता रेजीचं सांगतो. तुझी पोरगी माझ्या भीतीचा विषय झाली होती. शिकली, मुंबईत ऑफिसला जाते, सगळं वर्ष तिच्या फोनमध्ये. मला वाटलं, महिन्याची मिस्सा झाली की ती म्हणणार, काका, आता पुरे. आणि ती म्हणाली असती तर मी काय बोललो असतो? भरती मी मरेपर्यंत सांगेन, पण ती बसवायला चौकट कोण देणार? तारीख नसली तर माझी वेळ कशाच्या खाली लिहायची? आठ दिवस मी तुझ्या गल्लीतून गेलो नाही. बाजारात जायला लांबचा रस्ता धरला. अर्नाळ्यातली पोरं म्हणायला लागली, "नाखवा, बायकोशी भांडन झालं काय?"

मग एका रविवारी तीच दारात उभी. हातात लॅपटॉप.

"काका, गणपती होऊन गेले. कुठे आहात तुम्ही?"

"हितंच हाय की."

"मग येत का नाही? संत भरून झाले माझे. ईस्टर पण काढला. तिथ्या आणि भरत्या सगळ्या रिकाम्या आहेत. स्टूल पुसून ठेवलंय."

"मोबाइलमंदी भरती मिलते ना आता?"

"मिळते. ती सगळ्यांना मिळते. मला तुमची पाहिजे."

मी डोळ्यात गेलेली वाळू काढत बसलो. घरात वाळू नव्हती, पण कोळ्याच्या डोळ्यात ती कुठूनही जाते.

छापखान्यात आता खिळे नाहीत, तुझं पायाने चालवायचं यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलंय. पण स्टूल तेच. मी सांगत गेलो, ती टकटक करत गेली. आजोबांचा कोंबडा मी जूनच्या पानावर काढला. ती थांबली, म्हणाली, "पप्पा म्हणायचे तीन होते." मी म्हटलं, चार. ती म्हणाली, "होडी केवढी?" तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तू खोलीत आहेस.

एकतीस तारखेचं मात्र मी तोंडातून काढलं नाही. मनात होतं. फार होतं. पण ती तुझी गोष्ट होती, आणि मालकाच्या माघारी त्याच्या होडीला हात लावत नाहीत. म्हणून ऑक्टोबरचं पान संपलं, नोव्हेंबरचं लागलं, तेव्हा मी आवाज खाली आणून एकेक तिथी सांगत गेलो. तिसाला आलो, थांबलो. स्टुलावरून उतरायला पाय खाली टाकला.

ती टकटक करतच होती. मी चष्मा लावून पडद्यावर वाकलो. तिसाच्या शेजारी एक चौकट. तेवढ्याच मापाची. आत ठसठशीत एकतीस. संताच्या कोपऱ्यात काही नाही, तिथीचा कोपरा रिकामा, खाली भरतीची जागा रिकामी.

"रेजी," मी म्हटलं.  "ही चूक झाली तुझी, की मुद्दाम?"

तिने पडद्यावरून नजर उचलली. समोरच्या भिंतीवर तुझं या वर्षाचं कॅलेंडर अजून लटकतंय. तिकडे बघितलं. अगदी तुझ्यासारखा गंभीर चेहरा.

"काका," ती म्हणाली, "भरती किती वाजता?"

मी पुन्हा स्टुलावर चढून बसलो. छाती अशी फुगून आली की उरलेली बटणं मी हाताने धरून ठेवली. "लिही," म्हटलं. "वद्य अष्टमी. सहा."

तिने लिहिलं. फिलोमिनाला निरोप धाडलाय, पुढल्या साली तुझ्या लग्नाला एक वर्ष पुरं होतंय, तयारीला लाग. तिकडे त्या पोपसाहेबांची गाठ पडली तर तू सांग, आठ राहिले.